भागता न येणारा आकडा आणि एक निळी होडी

कलत्या उन्हाचा, केशरगर्भ किनारा. ओहोटीने नुकताच धुऊन ठेवलेला, आरशागत ओला, आरशागत निर्विकार. आणि त्या वाळूत कुशीवर कललेली एक निळी होडी. बापामागे दोन भावांना राहिलेली, एकुलती एक.

करवतीचं एक टोक थोरल्या हिराजीच्या हातात, दुसरं धाकट्या पोशाच्या. वाटणी म्हणजे वाटणी! पुढचं अर्धं थोरल्याचं, मागचं धाकट्याचं. अर्ध्या होडीने मासे नव्हे, माशांचं हसू तेवढं पकडता येतं, हे त्यांना कोण सांगणार?

आली हौसाआत्या. शंखशुभ्र केसांची, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. काठीने तिने होडीपासून समुद्राकडे एक आकडा रेखला : ७३९३९१३३.

"ह्याचे सारखे भाग पाडा, मुडद्यांनो. बाकी उरता कामा नये. मग खुशाल चिरा बापाची होडी."

"हात्तिच्या!" पोशा म्हणाला.

"एकाने भागायचं नाय हां. आणि त्याला त्यानेच भागायचंही नाय. ओळखते मी तुला."

दोनाने भागला, बाकी. तिनाने, बाकी. साताने, तेराने, सतराने... वाळूभर भागाकार पसरले, खेकड्यांच्या नक्षीसारखे. बाकी, बाकी, पुन्हा बाकी.

तोवर भरती आली. मऊपावली, फेनवसना, चोरटी. शेवटचा तीन तिने चाटून नेला.

"बरं झालं! आता फुटंल बघ," हिराजी म्हणाला.

फुटला नाही. लाटेने आणखी एक तीन नेला, फुटला नाही. एक गेला, नऊ गेला. शेपूट तुटत राहिलं, आकडा अभंग राहिला.

एवढे भागाकार एका सांजेत? अहो, त्या दिवशी सूर्यसुद्धा हातचा एक धरून क्षितिजावर ताटकळला होता!

"आत्ये, ह्यात भूत हाय काय?" हिराजीचं कपाळ पोशाच्या कपाळाला टेकलेलं.

"दादा, तू एकोणिसाने बघ, मी तेविसाने बघतो."

दादा! सहा महिन्यांत पहिल्यांदा.

त्र्याहत्तर उरले, फुटले नाहीत. मग तोही तीन गेला, उरला फक्त सात. गळासारखा वाकलेला, एकटा, अभेद्य.

आणि होडी हलली. चिरायची म्हणून दोर सोडलेला, पाणी तळाशी आलेलं.

"दादा, होडी!"

दोघे धावले, दोघांनी होडीत उड्या टाकल्या. करवत मात्र समुद्राने नेली. करवतमाशाच्या तोंडावर ती अजून आहे, जाऊन बघा हवं तर.

काठावर आत्या हसली. लाटेने सातही नेला.

सांजनिळ्या पाण्यावर दोन भाऊ, दोन वल्ही. दोन वल्ही, एक होडी. आणि मागे, लांबवर, थरथरत गेलेली, एकच पांढरी रेघ.