पहिली पेंडी

माझ्यासारखी खोटारडी बाई शोधून सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझ्या माहेरी, कोंढ्याच्या शेतात, रोवण्याच्या म्हणजे भातलावणीच्या शेवटच्या दिवशी एक रीत आहे. शेवटच्या बांधीच्या, खाचराच्या, कोपऱ्यात चंद्रभागाआत्या, माझ्या बाबांची मोठी बहीण, पूर्वजांचं गाणं म्हणते अन् एकेका नावामागे धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, एकेक पेंडी रोवते. पहिलं कडवं मर्जानबाचं अन् त्याच्या सोमारीचं. मर्जानबा म्हणे समुद्रापलीकडून आणलेला हबशी, कोण्या राजाच्या फौजेतला. जंगलात जखमी पडला तर सोमारी गोंडिनीनं त्याले जगवलं, रोज एक गोष्ट सांगून सांगून त्याचं रडणं थांबवलं. हे कुठं लिहून नाही. आहे ते त्या कडव्यात अन् आमच्या घरच्या कुरळ्या केसांत.

माझं लग्न जुळत होतं तेव्हा मुलाकडचे वरठीचे पाहुणे नेमके त्याच दिवशी बांधावर आले. भंडाऱ्याहून केस सरळ करून आलेली मी आत्याच्या कानात म्हणाली, "आत्या, आज पहिलं कडवं सोड. लोक काय म्हणतीन?" तिनं माझे सरळ केस पाहिले. मग म्हणाली, "बरं बाई." गाणं दुसऱ्या कडव्यापासून सुरू झालं. पहिली पेंडी तिच्या हातातच राहिली.

पुढं दरवर्षी मी केस सरळ करूनच जायची, आत्या दुसऱ्यापासूनच म्हणायची अन् मी मुकाट्यानं ऐकायची. 'आता म्हण' एवढं बोलायले किती वेळ लागतो? मले चौदा वर्षं लागली.

परवा माझी दहा वर्षांची रेणू शाळेतून रडत आली. पोरं तिले नूडल्स म्हणून चिडवतात. "आई, माझे केस कोणावर गेले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कोणावर नाही, उन्हानं झाले असे." बोलून गेली अन् स्वतःचीच शिसारी आली. दुसऱ्या दिवशी तिले स्कूटीवर बसवलं अन् कोंढा गाठला. योगायोगानं रोवण्याचा शेवटचाच दिवस होता.

आत्या बांधावर बसली होती. दोन वर्षांपासून ती माणसं ओळखत नाही, गाणी तेवढी शाबूत आहेत. मले पाहून म्हणाली, "कोण्या गावची बाई तू?"

नाव सांगायची हिंमत झाली नाही. "वरठीची," मी म्हटलं. "आत्या, पहिलं कडवं म्हण ना. मर्जानबाचं."

तिनं आजूबाजूले पाहिलं अन् आवाज बारीक केला. "ते नाही म्हणत आता. आमच्या करुणेले लाज वाटते. चांगल्या घरी पडली आहे पोरगी, तिचं काहून खराब करू?"

चिखलात बसून मी तिचे पाय धरले. "आत्या, मीच करुणा. चुकलं माझं. म्हण ना."

तिनं माझ्या सरळ केसांवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत. मग मान हलवली. "नाही बाई. आमच्या करुणेचे केस असे नाहीत."

तिचा हात बाजूले उभ्या रेणूच्या डोक्यावर गेला अन् त्या कुरळ्या केसांत तिथंच थांबला. आत्या हसली. "हे पाहा. ही आमची. इकडे ये, कान दे. पण करुणेले सांगू नको, बरं का."

रेणू मान डोलावून तिच्याजवळ बसली. आत्या तिच्या कानाशी गुणगुणत राहिली, मधे थांबून काही समजावत राहिली. मी हातभर अंतरावर बसली होती. मले एक शब्द ऐकू आला नाही.

मग रेणू उठली, पेंडी घेतली, गुडघाभर चिखलात उतरली अन् कोपऱ्यात रोवली. तिचे ओठ हलत होते. आत्यानं मोठ्यानं दुसरं कडवं धरलं अन् रोवणाऱ्या साऱ्या बाया मागून म्हणू लागल्या. मीही म्हणाली. मले आता दुसऱ्यापासूनच येते.

परतताना मी स्कूटी थांबवून विचारलं, "रेणू, काय म्हणाली गं आत्या?"

"नाही सांगत," ती म्हणाली. "मी कबूल केलं तिले."

"बरं बाई," मी म्हटलं.