मागच्या बाजूला लावलेली शिडी

मित्रांनो, मी अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी शिडी आहे. उभी केली तर पंधरा फूट उंच. पण मला उभे करून आता बरीच वर्षे झाली. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, ट्रेलरवाल्यांच्या तळावर, पाण्याच्या टाकीमागे मी आडवी पडून आहे. माझ्यावर लिहिलेल्या सूचना उन्हाने पुसल्या आहेत. कधी एखादा सरडा माझ्या पायऱ्या मोजत जातो. बाकी कोणी येत नाही.

माझी निवड झाली तो दिवस मला आठवतो. दूर उत्तरेकडच्या मिनेसोटातल्या एका दुकानात मी भिंतीला टेकून उभी होते. लाइल टोलेफसन आणि त्याची बायको मार्डिस शिडी घ्यायला आले होते. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी ट्रेलर घेतला होता. गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर. हिवाळा आला की ते घेऊन उबेला दक्षिणेत यायचे, असा त्यांचा बेत होता. अशा ट्रेलरच्या छतावर पातळ पांढरे रबर असते. झरोक्यांभोवतीचे सांधे उन्हाने तडकतात, म्हणून वर्षातून दोनदा वर चढून त्यांना लेप द्यावा लागतो.

लाइलला माझ्या शेजारची शिडी आवडली होती. नळीत नळी सरकून ती एवढीशी व्हायची.

"ही पलंगाखाली मावेल," तो म्हणाला. "नाहीतरी ट्रेलरच्या मागे शिडी बसवलेलीच आहे."

"चार स्क्रूंवर लटकलेली! आणि तू दोनशे तीस पौंडांचा, शिवाय हत्यारं." मार्डिसने तळहातावर लिहून आणलेला आकडा पाहिला. "छताची कड अकरा फूट दोन इंच. तुझी ही लाडकी तिथं पोचते आणि संपते. उतरताना काय धरशील? ढग?"

"आणि ही धिप्पाड बाई ठेवायची कुठं? माझ्या कुशीत?"

"ठेव की. तुझं घोरणं तिला ऐकू दे, मी सुटेन."

अशी मी त्यांच्या घरी आले. ट्रकच्या मागच्या हौद्यात पट्ट्यांनी बांधलेली, ऊन-बर्फ खात. लाइल कुरकुर करायचा, पण पहिल्याच वर्षी छतावरून उतरताना माझे कडेच्या वर आलेले तीन फूट त्याच्या हाताला लागले आणि त्याची कुरकुर थांबली.

या तळाची एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही. कोणाच्या ट्रेलरला शिडी टेकलेली दिसली की जो जवळ असेल तो हातातले काम खाली ठेवतो, येतो आणि शिडी धरून उभा राहतो. बोलवावे लागत नाही. पहिल्या वर्षी मी उभी राहिले तेव्हा पलीकडच्या ट्रेलरमधला गस हेनिंग आला. कॉफीचा कप वाळूत ठेवून त्याने माझी एक बाजू धरली. दुसरी मार्डिसने धरली होती. काम झाल्यावर मार्डिसने त्याला बटाट्याची पातळ पोळी दिली, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. लाइलही मग प्रत्येकाच्या शिडीपाशी धावायचा. सात हिवाळे असे गेले. मार्डिस स्वतः कधी वर चढली नाही.

आठव्या उन्हाळ्यात, मिनेसोटात, लाइलचे हृदय बंद पडले.

त्या हिवाळ्यात मार्डिस एकटीच ट्रेलर ओढत इथे आली. दारासमोर दोन खुर्च्या मांडायची तिची सवय होती. त्या वर्षी एकही मांडली नाही. शेजारी सूप घेऊन आले. ती दार अर्धे उघडून म्हणायची, "मी ठीक आहे हं," आणि दार लावून घ्यायची. तीन आठवड्यांनी कोणी येईनासे झाले. मी हौद्यातून हे सगळे पाहत होते. मला सोडवायचेही तिच्या मनात आले नव्हते. छताच्या लेपाची वेळ टळून गेली.

जानेवारीत दोन दिवस पाऊस पडला. पलंगाच्या वर, लाइलच्या बाजूला, छताच्या आत नाण्याएवढा तपकिरी डाग पडला. संध्याकाळपर्यंत तो बशीएवढा झाला. ट्रकपाशी उभी राहून ती मुलाला, केंटला, फोनवर हे सांगत होती, तेव्हाच मला कळले. त्याचा आवाजही हौद्यापर्यंत येत होता.

"आई, छत गळायला लागलं म्हणजे ट्रेलर संपला. विकून टाक आणि इकडे ये. आमच्या तळघरात छान खोली आहे."

"खोली छान आहे रे. पण खिडकी कुठं आहे तिला?"

"पुढच्या आठवड्यात पुन्हा पाऊस सांगितलाय. तू काय वर चढणार आहेस का आता?"

तिने फोन बंद केला. सकाळी तिने मला खाली ओढले आणि ट्रेलरच्या मागच्या बाजूला नेले. तिथे कोरडा ओढा आणि झुडपे. रस्त्यावरून तिथले काही दिसत नाही. मित्रांनो, मला सगळे कळले. पुढे लावले असते तर कोणीतरी धरायला आले असते, आणि मग त्याच्याशी दोन शब्द बोलावे लागले असते.

तिने माप अचूक घेतले होते. भिंतीपासून तीन फुटांना जरा कमी, हवा तेवढाच कोन. पण ओढ्याकाठची वाळू आतून ओली होती, ते तिने पाहिले नाही. ती चौथ्या पायरीवर आली आणि माझा डावा पाय खचला. मी वीतभर कलले. तिच्या खिशातली लेपाची नळी खाली पडली. तिने मला दोन्ही हातांनी मिठी मारली. तिचे काळीज माझ्या पायरीवर धडधडत होते. धरायला माझ्याकडे हात नव्हते. जेवढे स्थिर राहता येईल तेवढी मी राहिले.

ती एकेक पाऊल उतरली आणि वाळूत बसली. पडलेली नळी उचलत म्हणाली, "लाइल, मूर्ख माणसा, मला एकटीला टाकून गेलास." मग डोळे पुसून, "शिडीला पुढं लावायला काय झालं होतं मला?"

तिने मला उचलले, दमत, थांबत पुढच्या बाजूला आणले. पायाखाली फळी घातली. मला छताला टेकवले. पण ती चढली नाही. माझ्यावर हात ठेवून उभी राहिली.

कोणी आले नाही. समोरच्या ट्रेलरचा पडदा हलला आणि पुन्हा पडला. मला वाटले, तीन आठवडे परत पाठवलेली माणसे आता कशाला येतील? माझ्यावरचा तिचा हात गार पडत गेला.

मग वाळूत कप ठेवल्याचा आवाज आला.

"लागली एकदाची शिडी," गस म्हणाला. "रोज सकाळी इकडं बघून बघून मान आखडली माझी."

"मग आला का नाहीस?"

"कसा येणार बाई? दार बंद असतं तर ठोठावलं असतं. तू दार उघडून सांगतेस, मी ठीक आहे. त्यापुढं माणसानं बोलायचं काय?"

"मी ठीक नाही, गस," ती म्हणाली. "आणि पोळ्याही केल्या नाहीत यंदा."

"कॉफी चालेल. पण लाइल करायचा तसली नको, ती मोज्यातून गाळल्यासारखी लागायची." त्याने माझ्या दोन्ही बाजू छातीच्या उंचीवर घट्ट धरल्या. "चढ. मी आहे."

ती चढली. वर गुडघ्यांवर रांगत, लाइलला सात वर्षे सांगत आली होती तशी. झरोक्याच्या कडेला बोटभर भेग सापडली. तिने ती साफ पुसून लेपाने बुजवली. मग ती थोडा वेळ तिथेच बसली. इतकी वर्षे खाली उभे राहून तिने फक्त माझ्या पायऱ्या पाहिल्या होत्या.

"इथून सगळ्यांची छपरं दिसतात रे," ती वरून ओरडली. "आणि तुझ्या झरोक्याचा सांधा उघडलाय! दुपारी शिडी लाव, मी धरते."

पुढच्या आठवड्यातला पाऊस आला आणि गेला. डाग वाढला नाही. दारासमोर दोन खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या.

त्यानंतर ती चार हिवाळे आली. मग गुडघे थकले आणि ती केंटकडे गेली. जाताना मला गसकडे ठेवून गेली. पुढे गसही आला नाही. त्याच्या जागी आलेल्यांकडे पलंगाखाली मावणारी शिडी आहे. मी टाकीमागे आले.

मित्रांनो, छतावर चढायला शिडी निवडाल तेव्हा कडेच्या वर तीन फूट उरेल अशी निवडा. उतरताना हाताला काही लागले पाहिजे. तिचे पाय कोरड्या, कडक जागी टेकवा. आणि चारचौघांना दिसेल अशा बाजूला लावा. माझा सगळा रंग विटला आहे, पण दोन्ही बाजूंना छातीच्या उंचीवर दोन जागा अजून गुळगुळीत आहेत. तिथे गसचे हात होते, लाइलचे होते, मार्डिसचे होते. टाकीमागे आता तेवढीच त्यांची खूण उरली आहे. म्हणून एवढेच मागते, कोणाच्या छताला शिडी टेकलेली दिसली, तर हाकेची वाट पाहू नका. हातातले खाली ठेवा आणि या.