निवडलेले दाणे

"ठेवा आता ते सूप," माझी बायको रुखमा म्हणाली. "पोरगी धावून आली, उपाशी बसली हाय, अन् तुमी तांदुळात मोती हुडकून राह्यले."

"मोती नाई, प्लास्टिक," मी म्हटलं. "तुले काय समजते त्याच्यातलं?"

असं बोलायचा मला अधिकार आहे, असं मला त्या दिवसांत वाटत होतं. पोंभुर्ण्याकडच्या एका राईस मिलमध्ये मी तीस हंगाम काढले. आधी पोती उचलली. मग मालकाच्या ध्यानात आलं की ह्या माणसाचं डोकं चालत नसलं तरी दाढ चालते. धानाची गाडी आली की तो मूठभर दाणे माझ्यापुढे करायचा. मी एक दाणा दाढेखाली फोडायचो आणि सांगायचो, हा लुचई, हा एचएमटी, ह्यात ओल आहे, हा मागच्या सालचा. कधी चुकलो नाही. चुकलो असेन तर कोणी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारायला गेलो नाही.

तर रेशनच्या तांदळात ते दाणे यायला लागले, तेव्हा गावात सगळ्यांच्या आधी माझ्याच नजरेत भरले. आकार तांदळाचा, पण रंग जरा पिवळट, टोकं बोथट, अंगावर धार नाही. शंभरात एखादा. कोणत्याच लोंबीतून न निघालेला दाणा. मी लगेच ओळखलं, हे माणसानं बनवलेलं आहे. इथपर्यंत मी बरोबर होतो, हीच तर पंचाईत झाली.

रेशन वाटायच्या दिवशी मी दुकानासमोर गंज, म्हणजे मोठं पातेलं, पाण्यानं भरून ठेवला. खांद्यावरचा दुपट्टा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, बाह्या वर केल्या आणि सगळ्या बायांसमोर तांदळाची मूठ पाण्यात टाकली. खरा तांदूळ तळाशी गेला. ते पिवळट दाणे वर तरंगले.

"पाहा!" मी म्हटलं. "तांदूळ असा तरंगते का? हे प्लास्टिक हाय!"

बायांनी पदर तोंडाला लावले. त्या दिवसापासून अख्खं गाव दाणे निवडायला लागलं. दुपारी बाया आमच्या छपरीत सुपं घेऊन यायच्या, शंकेचा दाणा मला दाखवायच्या, आणि मी तो दुरूनच पाहून निकाल द्यायचो. गावाला सरपंच होता, पण तांदळाचा सरपंच मी होतो. निवडलेले दाणे मी कोंबड्यांना टाकायचो. थोडे काचेच्या बाटलीत भरून ठेवले होते. तहसीलदार साहेबांपुढे पुरावा म्हणून ती बाटली न्यायची होती.

एकटा शेजारचा पत्रू निवडत नव्हता. तो म्हणायचा, "मुखरूभाऊ, मले त डोयानं दाना दिसत नाई, प्लास्टिक काय दिसन? मी सारंच खातो. मेलो त तुमीच पयले सांगजा, प्लास्टिकनं मेला म्हणून."

आता उर्वशीचं सांगतो. ती माझी नात. तिचे आईबाप त्या दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात गेले होते आणि ती आमच्याजवळ होती. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. जूनमध्ये मैदानी परीक्षा, आठशे मीटर धावायचं. मोहफुलं पडायच्या दिवसांत आम्ही म्हातारा-म्हातारी पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली बसायचो आणि ती समोरच्या डांबरी रस्त्यावर धावायची. पहिल्या पुलापर्यंत वाऱ्यासारखी जायची. परत येताना मात्र निम्म्या वाटेतच गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायची. एक दिवस ती बसलीच. ओठ पांढरे, डोळ्यांपुढे अंधारी.

आरोग्य उपकेंद्रात नर्स नूरी मॅडमनं बोट टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ. मॅडम पोंभुर्ण्याची, बापाचं तिथं शिलाईचं दुकान. बोलायला गोड, पण सोडत नाही. म्हणाली, "मुखरूभाऊ, पोरीच्या रक्तात लोह कमी हाय. ह्या गोळ्या रोज. शेवग्याचा पाला, अंडं, वरणावर लिंबू पिळून द्या. आठशे मीटर मैदानात नंतर धावन, पहिले ताटात धावली पाह्यजे."

मला ते पटलं नाही. शेवग्याचा पाला हे काय औषध झालं? तो तर आमच्या कुंपणावर बकऱ्या खातात. नात पोलीस होणार आणि मी तिला बकरीचा चारा घालू? गोळीचंही तसंच. फुकट मिळालेली गोळी, तिला किती जोर असणार? तरी मी स्वतःच्या हातानं तिला रोज सकाळी गोळी द्यायचो, चहासोबत. तिला मळमळायचं. मग ती एक दिवस घ्यायची, दोन दिवस टाळायची, असं सुरू झालं.

त्यातच आठवडी बाजारात एक टाय घातलेला माणूस ताकदीच्या पावडरचे डबे घेऊन बसला. डब्यावर एक पैलवान आणि एक घोडा होता. घोडा कशाला होता ते मी विचारलं नाही. आमचा एक बोकड बाजारात गेला आणि एक डबा घरी आला.

डब्यावरचं बारीक मराठी मी छपरीत बसून मोठ्यानं वाचलं. मला अक्षरं पंचावन्नाव्या वर्षी आली. ह्याच उर्वशीनं, तिसरीत असताना, अंगणातल्या राखेवर बोटानं गिरवून घेतली. त्यामुळे तिच्यासमोर वाचायचं म्हणजे गुरूपुढे पाढे म्हणण्यासारखं असतं.

"लो-ह," मी वाचलं. "फॉ-लि-क ॲ-सिड. जीवन-सत्त्व बी-बारा. पाहा! हे तिन्ही ज्याच्यात हाय, त्याले ताकद म्हणते!"

"आबाजी, गोळीतबी लोहच हाय," उर्वशी म्हणाली.

"गोळीवर घोडा हाय का?"

तिनं चमचा आणून दिला. रुखमानं मात्र ऐकवलंच. "घोडा घेतला त चणेबी घ्या त्याले," म्हणाली.

दुधात दोन चमचे उर्वशीला. एक चमचा, कोणी पाहत नसताना, माझ्या गुडघ्यांना. चव छान होती, चॉकलेटसारखी. माझे गुडघे होते तसेच राहिले, पण दुपारी झोप फार छान लागायची. उर्वशी तशीच निम्म्या वाटेत थांबत होती. घरात कोणाला गुण आलाच असेल तर तो कोंबड्यांना. पिसं चकचकीत झाली होती, तुरे लालभडक. मी म्हणायचो, ऊन चांगलं पडतंय.

दीड महिन्यानं नूरी मॅडम स्वतःच घरी आली. बोट टोचलं. आठ पूर्णांक चार.

मॅडमनं कपाळाला हात लावला. "कमी झालं! गोळ्या कशासोबत घेते?"

"चहासोबत," मी अभिमानानं सांगितलं. "रोज माह्या हातानं देतो."

"चहा लोहाले पोटात लागूच देत नाई, भाऊ! लिंबूपाण्यासंगं द्या, चहा दोन घंट्यानं. अन् मळमळत असन त जेवल्यावर द्या. अजून काय काय करता, सांगा पटकन."

मी डबा दाखवला. तिनं फिरवून फिरवून वाचला. "साखर लय हाय. बाकी कितीक हाय ते लिहिलंच नाई." मग तिची नजर फळीवरच्या बाटलीकडे गेली. "हे काय?"

"प्लास्टिक तांदूळ," मी म्हटलं. "साऱ्या गावाचा निवडून देतो. तहसीलदार साहेबाले दाखवाचं हाय."

मॅडम छपरीतल्या बाजेवर बसली. हसू येतंय की रडू, ते तिचं तिलाच ठरवता येईना.

"मुखरूभाऊ, हे प्लास्टिक नाई. तांदुळाचं पीठ करते, त्याच्यात लोह टाकते, फॉलिक ॲसिड टाकते, बी-बारा टाकते, अन् पुन्हा दाणा पाडते. शंभर दाण्यांत एक मिसळते. तुमच्या ह्या डब्यावर जे तीन नावं हाय ना, तेच तीन ह्या बाटलीत हाय."

"पण तरंगते ना!"

"पिठाचा हाय, हलका राहणार. खाऊन पाह्यला का एखादा?"

तीस हंगाम जो माणूस फक्त दाढेवर जगला, त्यानं गावभर दवंडी पिटली, गंज मांडला, निकाल दिले. पण तो दाणा एकदासुद्धा दाढेखाली घातला नव्हता. नजरेवर इतका माज होता की दाढेला विचारायची गरजच वाटली नाही.

मी बाटलीतून एक दाणा काढला आणि फोडला. भुसभुशीत फुटला. मग जिभेवर पीठ झालं. तांदूळ होता. जुना, मिलमध्ये दळलेला, साधा तांदूळ, आणि मागून लोखंडाच्या तव्यासारखी थोडी चव.

उर्वशी माझ्याकडे पाहत होती. 

"मंग हे सारेच शिजवतो," मी म्हटलं. "एका दिवशी भरपाई करून टाकू."

"युरिया असाच टाकता का बांधीत?" मॅडम म्हणाली. "सारी गोणी एकाच दिवशी?"

मी बाटली खाली ठेवली.

"अन् ह्या दाण्यानंबी एका हप्त्यात पोरगी पैलवान होत नाई. हा दाणा, गोळी, पाला, अंडं, सारं मिळून हळूहळू चढते. उर्वशीची सिकलची, त्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली हाय, नाई निघाला. गावात ज्याईले सिकल हाय त्याईनं मात्र मले इचारल्याबिगर हा तांदूळ खाऊ नये. हे सांगा साऱ्याईले. तुमीच सांगा. तुमचंच आयकते."

हेच तर नको होतं. तुमचंच ऐकतात.

पुढच्या रेशनच्या दिवशी मी पुन्हा दुकानासमोर उभा राहिलो. सवयीनं दुपट्टा काढला, खिळ्याला अडकवायला हात वर केला, आणि तिथंच थिजलो. खिळ्याखाली एक पाटी होती. मागच्या वेळीही होती. तिच्यावर दुपट्टा टाकून, तिच्याकडे पाठ करून मी भाषण केलं होतं.

मी बायांना म्हटलं, "थांबा, वाचतो." आणि वाचलं. एकेक अक्षर, जुन्या बैलगाडीसारखं. "हा तां-दूळ प्लास्टिक-चा ना-ही. यात लो-ह, फॉ-लि-क ॲ-सिड…" तिथं मी अडकलो नाही. डब्यानं तेवढा सराव करून दिला होता. "निव-डून टा-कू न-ये."

मागून पत्रू ओरडला, "म्हणजे मी गावात सगळ्यात हुशार निघालो का?"

"नाई," मी म्हटलं. "तुले दिसत नव्हतं. मले दिसत होतं, म्हणून मी येडा."

बाया इतक्या हसल्या की दुकानदार काटा सोडून बाहेर आला. एका म्हातारीनं मला विचारलं, मग आमच्या दीड महिन्याच्या दाण्यांचं काय. मी म्हटलं, माझ्या कोंबड्यांना विचार. मग सिकलची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. दोघीजणी तिथूनच मॅडमकडे गेल्या.

त्यानंतर उर्वशी जेवण झालं की लिंबूपाण्यासोबत गोळी घेऊ लागली. कुंपणावरचा शेवगा बकऱ्यांकडून परत मिळवला. कोंबड्यांची अंडी बाजारात जायची बंद झाली. रुखमा रोज तिच्या ताटात अंडं वाढायची आणि मला ऐकवायची, "खा पोरी. तुह्या आबाजीनं कोंबडीले चारलं, ते कोंबडीनं तरी परत केलं."

मे महिन्यात रक्त दहाच्या वर गेलं. पहिला पूल, परतीची वाट, मोहाचं झाड. एक दिवस ती न थांबता आमच्यापर्यंत आली आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन सगळं पाणी डोक्यावर ओतलं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी अंगणात होतो, मांडीवर सूप, सुपात रेशनचा तांदूळ. खडे निवडायचं काम आता माझ्याकडेच आहे, शिक्षा म्हणून.

"आबाजी," ती म्हणाली, अजून दम लागलेला होता. "निवडीची यादी मागून लागन. पण पुरं धावली. कुठी थांबली नाई. माह्या तुकडीत तिसरी आली."

फोन बंद झाला तरी मी कानाला धरून बसलो. दुसरा हात आपल्या मनानंच सुपात फिरत होता, आणि बोटांनी सवयीप्रमाणे तो पिवळट, बोथट दाणा बरोबर वर काढला. समोर लाल तुऱ्याची कोंबडी मान वाकडी करून उभीच होती.

मी दाणा परत सुपात टाकला आणि तिला म्हटलं, "जाय बाई. तुह्या वाट्याचं संपलं."