जनीचे नऊ उपास

"जनी, खोटं बोलू नकोस हं! गोळी चुकवलीस ना?"

"देवीशपथ नाय, नर्सबाय. ही बगा पट्टी. हाय का एक तरी शिल्लक?"

पट्टी खरंच रिकामी होती, आणि जनीला तिसरा महिना लागला होता. सत्त्याऐंशी साल. ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात पालिकेचा दवाखाना आहे, मी तिथली नर्स सुमती. जनीला चार मुलं. चौथ्या बाळंतपणातच ती जायची, कशीबशी वाचली. पाचवं झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

आधी तिला पाळीपासूनचे दिवस मोजायला शिकवले. भरती-ओहोटीच्या तिथी तोंडपाठ असलेली बाई, दोन महिन्यांत शिकली. पण नवरा धाकू दिवस पाळेल तर ना! ऑपरेशनला तो तयार नव्हता. मग बायको मासळीची पाटी कशी उचलणार, म्हणे. म्हणून चोरून गोळ्या. रिकामी पट्टी आणली की मी नवी द्यायची.

"रोज एक घेत होतीस?"

"रोज. नवरात्र सोरून. माजा कडक उपास, दवा पोटात गेली तं मोडल ना? दसऱ्याला नवाच्या नव एकदम घेतल्या. दिसभर ओकत व्हते, पन एक बी ठेवली नाय."

"अगं बाई माझे! मला विचारायचं नाही का?"

"तुमी तरी कवा इचारलाव?"

खरंच नव्हतं विचारलं. बारा वर्षांची नोकरी, आणि मी नुसत्या पट्ट्या बघत बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठ्या इस्पितळात मीच तिला नेलं. घरी सांगितलं, अंगावरून जातंय. दुसऱ्या दिवशी परतताना रिक्षात ती तोंडात पदर धरून रडली. मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार?

पुढच्या नवरात्राच्या आदल्या दिवशी मी तिच्या दारात उभी.

"गोळी बंद करायची नाही."

"नि देवीचा? आजारी बाईचा उपास घरातला कोनीतरी धरतं. पन सासूला कंच्या तोंडानं सांगू, गोळ्या घेतंय म्हून?"

"मी धरते."

"तुमी? तुमी तं एकादशी पन करत नाय!"

"देवीला चालेल की नाही ते सांग."

तिने आत देव्हाऱ्याकडे बघितलं. "चालल. पन कडक. साबुदाना पन नाय."

नऊ दिवस कामावर जाताना मी तिच्या मागच्या दारी थांबत होते. ती माझ्यासमोर गोळी गिळायची आणि लगेच उलटतपासणी.

"काय घेतलाव?"

"दूध."

"साकर?"

"घातली."

"साकर चालतंय."

सातव्या दिवशी मला दवाखान्यात चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, या वयात हे काय खूळ?

दसऱ्याच्या दुपारी जनी आली. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या, डब्यात बोंबलाचं कालवण. बाकावर माझ्यासमोर बसून तिने दोन पानं मांडली.

"तू सकाळपासून जेवली नाहीस?" मी विचारलं.

"उपास तुमचा. पयला घास तुमचा."

मी घास तोंडात घातला. तो गिळेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपली भाकरी मोडली.