हर्सूलच्या खिडकीतली घटपर्णी

मेघाला वाटलं होतं, पुण्याहून परतल्यावर मी खिडकीत हिरवीगार दिसेन, पानांच्या टोकांना नवे घट लटकत असतील. दार उघडल्यावर दिसलं ते निराळंच. करपलेली पानं, वाळून चिमलेले घट आणि कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर. ती करपलेली घटपर्णी म्हणजे मी. जीव आहे तोवर बोलून घेते.

माझा जन्म शिलाँगजवळच्या एका रोपवाटिकेतला. आमच्या डोंगरातल्या मातीत कस नसतो. म्हणून आम्ही पानांच्या टोकांना घट धरतो आणि त्यांत पडलेल्या किड्यामुंग्यांवर गुजराण करतो. मेघा तिकडे वनस्पतिशास्त्र शिकत होती. शिक्षण संपवून गावी निघाली, तेव्हा सगळा प्रवास तिनं मला मांडीवर घेऊन केला. फुलंब्रीच्या शाळेत ती शिकवणार होती. "माती काही देत नसली तरी जगता येतं, हे माझी मुलं हिच्याकडून शिकतील," असं ज्याला त्याला सांगायची.

हर्सूलच्या घरी तिच्या आई द्वारकाबाई माझ्या घटांना लोटकी म्हणायच्या. शेजारची मंजुषा विचारायची, "मावशी, तुमचं झाड मटण खातं म्हणं?"

"माळकऱ्याच्या घरात आलंय बाई. मुंग्यांवर भागवतंय."

मेघा प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली, तेव्हा आईला बजावून गेली. खत नको, कुंडीतलं शेवाळ ओलं राहू दे, कोवळं ऊन दे आणि पाणी फक्त पिण्याचं, फिल्टरमधून गाळलेलं.

द्वारकाबाईंनी ते पाळलं. मग नळाचं पाणी लांबलं आणि बोअरच्या पाण्यावर घर चालू लागलं. फिल्टर थोडं गोड पाणी देतो आणि त्याहून जास्त खारं पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतो. आमच्या गल्लीत ते कुणी वाया घालवत नाही. बादलीत धरतात, झाडांना घालतात. जास्वंद त्यावर फुलते, तुळस डवरते. मग मलाही तेच मिळू लागलं.

माझी मुळं त्या क्षारांनी जळत गेली. पान सुकलं की द्वारकाबाई काळजीनं आणखी पाणी घालायच्या, पानांवरून हात फिरवायच्या. त्यांना नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

"आई, एवढं एकच सांगितलं होतं तुला," मेघा म्हणाली.

"व्हय. पण मंजूच्या लेकराला जुलाब लागले व्हते. तिच्या घरी गोड पाणी नव्हतं. तिला नाय म्हणायचं अन् कुंडीत वतायचं, हे मला जमलं नाय, माय."

त्या संध्याकाळी चूल पेटली, पण ताटं वाढली गेली नाहीत.

सकाळी तिनं ठरवलं. माझा एकच शेंडा हिरवा उरला होता. तो तिनं कापला, ओल्या शेवाळात गुंडाळला. "जिथून आणली तिथं परत पाठवते. माणसाच्या तोंडचं पाणी मागणारं झाड मी इथं ठेवणार नाही." असं म्हणत ती पुडक्यासाठी दोरा शोधू लागली.

मी आता कुंडीतलं वाळकं खोड. मला पाळायची हौस असेल, तर आधी आपल्या घरातलं पाणी बघा. आणि द्वारकाबाईंना बोल लावू नका.

पुडकं बांधण्याआधी त्यांनी स्वतःच्या प्यायच्या तांब्यातलं पाणी त्या शेवाळावर शिंपडलं.

"वाटंत तहान लागंल तिला," म्हणाल्या.