दोष माझ्या काचेत नव्हता

मी तृप्तीचा चष्मा बोलतोय. जालन्याच्या मस्तगडातल्या एका दुकानात मला निळ्या फ्रेममध्ये बसवलं, तेव्हा वाटलं, चला, एका पोरीला फळा नीट दिसेल.

तृप्ती जाफराबादजवळच्या खेड्यातली, नऊ वर्षांची. मला तिच्या नाकावर चढवून तिचे वडील भुजंग यांनी विचारलं, "बराबर दिसतंय ना?"

"न्हाई पप्पा. तुमी दोन दिसून राह्यले."

काचा बदलल्या, तरी दोनच. घरात सगळे माझ्यावर चिडायचे. मला मात्र चैन पडेना. तिचा डावा डोळा आत वळत चाललेला मीच सगळ्यात जवळून पाहत होतो. मग सकाळी उठल्याबरोबर उलट्या सुरू झाल्या. चालताना तोल जाऊ लागला.

अखेर एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतला पडदा तपासला. "चष्म्याचा प्रश्नच नाही. मेंदूवर दाब आहे. आजच संभाजीनगरला न्या."

स्कॅनमध्ये मेंदूत गाठ निघाली. जीव वाचवायला तातडीनं स्टेरॉइड सुरू केलं आणि चमत्कारच झाला. उलट्या थांबल्या, पोरगी पोहे मागून खाऊ लागली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ दिसेचना. तिची आई, पुष्पाबाई, राजूरच्या गणपतीला नारळ फोडून आली.

कर्करोगाच्या डॉक्टर अरुंधती मात्र हसल्या नाहीत. "अशी विरघळणारी गाठ लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग, असू शकते. मुलांच्या मेंदूत तो फार क्वचित होतो. स्टेरॉइडनं तो फक्त दबतो. तुकडा तपासल्याशिवाय खरं औषध ठरवता येत नाही, आणि आत्ता तुकडा घ्यायला गाठच नाही."

"मंग?"

"हे औषध हळूहळू बंद करू. वाट बघू."

"गाठ परत यायची वाट बघायची?" भुजंगचा आवाज फाटला.

"हो. आणि जरा काही वाटलं की लगेच यायचं."

ते दिवस फार वाईट गेले. भुजंग उठल्यासुटल्या तिच्यासमोर एक बोट धरायचे. "किती?" "एक." मी नाकावर श्वास रोखून बसायचो. एका सकाळी ती हळूच म्हणाली, "दोन." भुजंग जीपवाल्याला बोलवायला अनवाणीच पळाले.

या वेळी कवटीला बारीक छिद्र पाडून तुकडा घेतला. लिम्फोमाच होता. "ही कापून काढायची गाठ नाही, औषधानं जाते," अरुंधती म्हणाल्या. शिरेतून जहाल औषध, सोबत सलाईनच्या बाटल्या, मागोमाग त्या औषधाचा दाह आवरणारं दुसरं औषध. असे कितीतरी फेरे. तोंडात फोड आले, केस गेले. सुकलेल्या चेहऱ्यावरून मी सारखा घसरायचो. पण तिचा डोळा सरळ होत गेला.

उपचार संपून वर्ष झालं. आज पुन्हा स्कॅन होता. आत धातू चालत नाही, म्हणून मी भुजंगच्या घामेजल्या मुठीत. अरुंधती बाहेर आल्या. "गाठ नाही."

"मॅडम, मागल्यावानी दबून तर न्हाई बसली?"

"तेव्हा औषधानं दबली होती, भुजंगराव. आता औषधच चालू नाही. तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत."

बाबांनो, लेकराला दोन दोन दिसत असेल आणि माझ्यानं फरक पडत नसेल, तर माझा नंबर बदलत बसू नका. डॉक्टर गाठा.

बरं, येतो. तृप्ती हात पुढे करून उभी आहे, "पप्पा, चष्मा द्या ना," आणि भुजंगची मूठ काही सुटत नाही.