दोघांनाही एकाच घरी जायचं होतं

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे, आणि मला नवरीच्या बदल्यात दिलं होतं. हसू नका. आमच्या लेसोथोच्या डोंगरात तशी रीतच आहे. मुलाकडचे मुलीच्या बापाला गुरं देतात, मेंढ्या देतात आणि वर एक घोडा. गुरं राहिली तर मागून पोचवता येतात, पण घोडा मात्र चोख लागतो. मुलीचा मान राखला की नाही, हे सगळं गाव त्याच्याकडे बघून ठरवतं.

माझं नाव फेफो. म्हणजे वारा. तरुणपणी मला ते शोभायचं, आता नुसतं नाव राहिलंय.

मी त्सेको नावाच्या मुलाच्या घरी वाढलो. तिथे पुत्सोआ नावाची करडी घोडी माझी सोबतीण होती. ऊन पडलं की आम्ही उलट्या तोंडांनी जवळ उभे राहायचो आणि दातांनी एकमेकांची मान खाजवायचो. आम्हाला बोलायला शब्द लागत नाहीत. तिचा कान मागे वळला की मला कळे, आज हिला छेडायचं नाही. आणि आमचं खिंकाळणं तुम्हाला एकच आवाज वाटतो ना? त्यात दोन सूर असतात. एकावरून कळतं की मनात बरं आहे की वाईट, आणि दुसऱ्यावरून कळतं किती. तुमच्या लांबलचक भाषणांतून इतकं नेमकं काही कळत नाही, राग मानू नका.

माणसंही मला कळतात. त्सेको माझ्यावर बसून खिंडीपलीकडच्या गावी न्याकालोला भेटायला जायचा. तिच्या दारात पोचेपर्यंत त्याचे गुडघे माझ्या बरगड्यांवर थरथरत असायचे. आणि तिला म्हणायचा काय, तर सहज चाललो होतो इकडून. सहज कसलं डोंबलाचं! न्याकालोलाही ते ठाऊक होतं. ती गालात हसायची आणि मला तळहातावर मीठ द्यायची. तिच्या हाताला कसलीच भीती नसायची, म्हणून मला ती आवडायची.

मग लग्न ठरलं. ती आमच्या घरी आली आणि मी तिच्या घरी गेलो. सासरी तिला माथातो हे नवं नाव मिळालं, म्हणजे थातोची आई. थातोचा अजून पत्ता नव्हता, पण आमच्याकडे नाव आधी येतं आणि मूल मागून. मला मात्र कुणी नवं नाव दिलं नाही. फक्त दावं बदललं.

माझे नवे मालक न्याकालोचे वडील, न्ताते मोहापी. थोरांना आम्ही न्ताते म्हणतो. मला आणलं त्या दिवशी ते सगळ्यांपुढे मोठ्यांदा हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि घोडा झकास आहे म्हणाले. मित्रांनो, मी दोन पावलं मागे सरकलो. त्यांचं तोंड हसत होतं, पण गळा दाटलेला होता. हात गार पडले होते आणि घामाला दुःखाचा वास होता. तोंड एक सांगतं आणि गळा दुसरं, तेव्हा आम्हा घोड्यांना काही सुचत नाही. खरं कशाला धरायचं? मी डावा डोळा त्यांच्याकडे केला. धास्ती वाटली की आम्ही डाव्या डोळ्याने बघतो.

रोज तेच. ते ओठ ताणून हसत खोगीर घेऊन यायचे आणि मी बाजूला व्हायचो. रिकिबीत पाय घातला की मी गोल फिरायचो. मला त्यांचा राग नव्हता, भीती वाटत होती. शिवाय रात्रंदिवस पुत्सोआची आठवण यायची. मी खिंडीकडे तोंड करून खिंकाळायचो आणि उत्तर यायचं नाही.

गावाला तेवढंच निमित्त पुरलं. ज्वारीची बिअर प्यायला जमले की लोक न्तातेंना विचारायचे, काय हो, आज घोडा तुमच्यावर बसला की तुम्ही घोड्यावर? एक जण म्हणाला, मुलगी सोन्यासारखी नेली आणि खोडील जनावर गळ्यात मारलं. ते मात्र त्यांना झोंबलं. त्याच संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, घोडा परत करणार, तोही चारचौघांत.

घोडा परत करणं म्हणजे सोयरीक मोडल्यातच जमा. न्याकालोला सासरी तोंड वर काढायला जागा उरली नसती, आणि तिला तर दिवस गेले होते. तिची आई चुलीवर मक्याचा पापा, म्हणजे घट्ट लापशी, ढवळत होती. तिने पळी खाली ठेवली.

"अहो, तुमचं भांडण घोड्याशी आहे की लेक गेली त्याच्याशी?"

"लेकीचं काय मध्येच? लेक सुखात आहे."

"मग तिचं ब्लँकेट उशाला घेऊन का झोपता?"

न्ताते उठून अंगणात गेले. सकाळी ते मला दाव्याने ओढत निघाले. स्वतः पायी आणि खोगीर-लगाम चढवलेला घोडा मागून मोकळा! मेंढपाळसुद्धा बघून हसले.

खिंडीच्या अलीकडे एक ओढा आहे. तिथे मी पाणी प्यायलो आणि न्ताते दगडावर टेकले. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी ब्लँकेट डोक्यावरून घेतलं आणि ते रडायला लागले. आधी दबक्या आवाजात, मग अगदी लहान मुलासारखे.

"घर खायला उठतं रे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे. तिथे मीच होतो.

मित्रांनो, त्या क्षणी मला किती हायसं वाटलं, काय सांगू! तोंड रडत होतं, गळा रडत होता, हातही रडत होते. सगळं एकच सांगत होतं. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी जवळ गेलो आणि त्यांच्या खांद्यावर नाक टेकवलं. त्यांनी माझ्या मानेत तोंड खुपसलं. बराच वेळ आम्ही तसेच होतो. मग ते उठले, खोगिरावर हात ठेवला आणि चढून बसले. मी जागचा हललो नाही.

आता झाली पंचाईत. घोडा तर शहाणा निघाला! मग परत काय करणार? आणि कारण नसताना मुलीच्या सासरी गेलं की लोक म्हणतात, आला उरलेली गुरं मागायला. न्तातेंनी लगाम घराकडे वळवला.

मी चाललो नाही. मान मागे वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग खिंडीकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे, पुन्हा खिंडीकडे. आम्हाला बोट दाखवता येत नाही, मित्रांनो. आम्ही असंच सांगतो.

न्ताते बघत राहिले. माझं म्हणणं समजून घ्यायला ते आज पहिल्यांदाच थांबले होते.

"तुलाही तिकडेच जायचंय होय?" ते म्हणाले आणि त्यांनी लगाम सैल सोडला.

खिंड चढून मी खिंकाळलो. खालून पुत्सोआचं उत्तर आलं. माझा आवाज ओळखून न्याकालोही दाराबाहेर आली, पण जागीच थबकली. त्सेकोचे आईवडील, शेजारीपाजारी सगळे गोळा झाले. व्याही घोडा परत करणार, ही बातमी खिंडीपलीकडे आधीच पोचली होती. न्याकालोचे हात पोटावर होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला तिच्या अंगाला भीतीचा वास आला.

त्सेकोचे वडील पुढे आले. "घोड्यात काही खोट निघाली का, न्ताते?"

न्ताते खाली उतरले. मला वाटलं, आता पुन्हा ओठ ताणतील. नाही ताणले.

"घोडा चोख आहे," ते म्हणाले. "त्याला त्याच्या सोबतिणीची फार आठवण येत होती, म्हणून आणला." त्यांनी न्याकालोकडे पाहिलं. "आणि मला माझ्या लेकीची."

न्याकालो धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. त्सेकोच्या आईने डोळे पुसले आणि बिअरचं मडकं आणायला आत पळाली. पुढचं मी पाहिलं नाही. पुत्सोआ कुंपणाशी उभी होती आणि माझी मान कधीची खाजत होती.

पहिलं बाळंतपण आमच्याकडे माहेरी होतं. दिवस भरत आले तेव्हा न्याकालोला मीच पाठीवरून आणलं, तेही असं अलगद की तिचा डोळा लागला. मुलगी झाली. अर्थात थातो. पुढे न्ताते वरचेवर मला खिंडीपलीकडे न्यायचे. त्यांना बघून सासरची मंडळी हाक द्यायची, "पुत्सोआकडे पाहुणे आले गं!" न्ताते सगळ्यांत मोठ्याने हसायचे, आणि ते हसू खरं असायचं.

आता न्ताते आणि मी, दोघंही म्हातारे झालो. पुत्सोआ गेली. त्या दिवशी न्ताते माझ्याजवळ नुसते बसून राहिले, माझी समजूत काढत बसले नाहीत. अजून मला वेळेवर चारा मिळतो, थंडीत पाठीवर जुनं ब्लँकेट असतं आणि थातो मला मीठ देते. हात अगदी आईचा. माझं काही मागणं नाही.

तुमच्यापाशी मात्र एक आहे. एखाद्या घोड्याजवळ कधी गेलात, तर त्याचे कान बघा, त्याची नजर कुठे जाते ते बघा, थोडं थांबा. तो काहीतरी सांगत असतो. आणि माझ्याकडे हसत आलात तर आनंदच आहे, पण रडू येत असेल, तर उगीच हसू नका. रडत या. मी जागचा हलणार नाही.